काडीवरचे केक

५ फेब्रु.
ज्येष्ठ नागरिक मंडळाचं बोलावणं आलं. चौदाला समाजमंदिरात मातृपितृपूजन. "त्या दिवशी पोरं भलतेच चाळे करतेत, त्यापरीस आईबापाचे पाय धुवावं," इति अध्यक्ष. जोडपी पुढच्या रांगेत. एकटे मागे, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. नवरा गेला की बाईने मागे बसायचं, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं. तिथे उंचीप्रमाणे बसवत.

रामटेकेसरांनी संक्रांतीला विचारलेलं अजून तसंच आहे. तलावाच्या पाळीवर फिरताना, धानाच्या नव्या वाणाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण लगन करू का? कोर्टात." मी म्हटलं, विचार करते. खोटं. विचार केव्हाच झाला होता, धीर नव्हता. तो आज अध्यक्षांनी दिला.

७ फेब्रु.
ठरलं. उत्तर चौदालाच द्यायचं, सगळ्यांसमोर. फोनवर केक पॉप पाहिले. केक चुरा, मिल्कमेड घालून गोळे वळा, काडीला टोचा, चॉकलेटमध्ये बुडवा. अगदी सोपं, म्हणते व्हिडिओतली बया. कुकरमध्ये मीठ पसरून, शिटी काढून केक केला. फुगला छान. काड्या नव्हत्या. बचत गटाच्या बायका उदबत्त्या वळतात, त्यांच्याकडून आणल्या. गोळे देखणे झाले. चाखला तर मोगरा!

नणंद सुमनताई शेजारीच. हुंगत आल्या.
"लाडू काडीले काऊन टोचून राह्यली?"
"केक आहे."
"मंग देवघरासारखा काऊन वास येते?"
बकरीपुढे टाकले. तिनेही तोंड फिरवलं.

९ फेब्रु.
रामटेकेसरांना सांगितलं, बांबूच्या काड्या हव्यात, बिनवासाच्या. अंगणात बसून तासत होते.
"कशाले पाह्यजेत एवढ्या?"
"काम आहे."
"टोक काढू का बोथट ठेवू?"
"बोथट. तोंडाला लागायला नकोत."
काचेने घासून गुळगुळीत करून दिल्या. कसली शंका नाही. भला माणूस. थोडा मठ्ठ.

११ फेब्रु.
चॉकलेटमध्ये वाफेचं पाणी पडलं. घट्ट गोळा. त्यातच निखिलचा पुण्याहून फोन. पाळीवरचं आमचं फिरणं सुमनआत्याने कळवलेलं दिसतं.
"आई, लोक काय म्हणतील?"
"मग लोकांना विचार."
"या वयात... आणि त्यांचं आडनाव..."
तिथे थांबला. म्हटलं, वाक्य पूर्ण कर. नाही केलं. मीच फोन ठेवला. त्याने मुलगी पसंत केली तेव्हा मी तिची जात विचारली नव्हती.
रडू आलं, पण रागाचं. भांडं कोरडं पुसलं, नवं चॉकलेट वितळवलं.

१३ फेब्रु.
जमले! पायलीत तांदूळ भरून काड्या रोवल्या आहेत, वर चॉकलेट सुकतंय. शाळेच्या प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे दिसतात.
सुमनताई: "कोणासाठी?"
"सरांसाठी. उरले तर मंडळाला."
"माहा भाऊ असता तं..."
"असता तर त्याला केले असते."
गेल्या. दार आपटून.

१४ फेब्रु.
पहिल्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्चीवर पायली.
अध्यक्ष धावत आले. "बाई, तुमची जागा मागं हाये."
"माहीत आहे. आवडली नाही."
एक केक पॉप उचलला, मागे वळले. "सर, इकडे या. उत्तर तयार आहे."
ताम्हणांचा खडखडाट थांबला. रा. बसूनच. मान खाली. वाटलं, संपलं. बोट दाखवून हसणाऱ्यांत सुमनताई नव्हत्या, त्या रडत होत्या.
मग रा. उठले. गुडघा धरून, खुर्च्यांतून वाट काढत आले. पायली मांडीवर घेऊन बसले. काडी फिरवून पाहिली.
"ह्या तं माह्याच काड्या हायेत."
"हो."
"म्हंजे... हो?"
"हो."
"अन् माही शुगर?"
"एकच खायचा."
खाल्ला. मिशीला चॉकलेट. बाकीचे मी रांगेने वाटले. अर्ध्यांनी घेतले. अध्यक्षांनी नाही, त्यांच्या बायकोने दोन.
आमचे पाय धुवायला कुणी आलं नाही. स्वच्छच होते.

१५ फेब्रु.
निखिलचा फोन. रविवारी येतोय. "बोलायचंय, आई." आवाजावरून काही कळेना. रा. ना सांगितलं. म्हणाले, "मीबी येतो. काय म्हणन ते आयकून घेऊ." सोमवारी कचेरीत लग्नाची नोटीस द्यायची, ती द्यायचीच.

तांदूळ डब्यात ओतले. तळाशी चुरा सापडला, चिमण्यांना टाकला. एक केक पॉप मुद्दाम ठेवलाय फ्रिजमध्ये, निखिलला. रविवारी आल्याआल्या हातात देईन. घेतो की नाही...
काडी बोथट आहे. लागायची नाही.