विटा वाहणाऱ्या पाठीची आणि घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, एका पुस्तकचित्रकाराची विधवा, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉक्टरीणबाईंना विचारावे.

कलम १. बँकेतील ठेवी दोघा मुलांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. शिलाई मशीन धाकट्या सुनेला. थोरलीने त्याला 'भंगार' म्हटले होते, ते माझ्या लक्षात आहे.

कलम २. दिवाणखान्यातले ह्यांनी काढलेले चित्र : डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढणारी पाठमोरी व्यक्ती. थोरला पाहुण्यांना सांगतो, "हे बाबांचे कष्ट. विटा म्हणजे संसाराचं ओझं." बाळा, तुझ्या बाबांनी जन्मात पेन्सिलीहून जड काही उचलले नाही. गॅसची टाकीसुद्धा मीच सरकवायची. धाकटा म्हणतो, चेहरा नाही, कारण कामगाराला नाव नसतं. ऐकायला छान आहे.

त्या चित्रावरची धूळ मी रोज पुसते, म्हणून माझे मत नोंदवते. विटा बारीक, घाईच्या रेघांत उरकल्या आहेत. पाठ, पोटऱ्या, टाचा मात्र जाड कुंचल्याने, एका दमात. ओझ्याला ह्यांनी किंमतच दिली नाही, सगळा मान बाईला. होय, बाईच. वर गेलेला हात डावा आहे, आणि या घरात डावखुऱ्या एकट्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. परक्यांच्या इमारतींवर विटा वाहून त्यांनी भावाला चित्रकला शिकवली. चेहरा नाही, कारण डबा घेऊन गेलेला भाऊ खाली उभा असे, त्याला पाठच दिसे.

वन्संचे नि माझे कधी पटले नाही. मिठावरून जन्मभर भांडलो. पण अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कलम ३. मी गेल्यावर आत्याला 'चांगल्या सोयीच्या' वृद्धाश्रमात ठेवून घर विकायचे, हे मुलांचे बोलणे मी ऐकले आहे. कान भिंतींनाच असतात असे नाही. सबब माझ्या नावावरचे हे घर, चित्रासह, मी वन्संना पूर्ण मालकीने देत आहे. जो आडवा येईल, त्याच्या ठेवीचा वाटाही त्यांनाच जावा.

कच्चा मसुदा वकिलांनी वाचून दाखवला, तेव्हा वन्सं मागच्या खोलीतून आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्याचं लक्ष होतं होय गं माझ्याकडे?"

हेही यात घालावे, असे मी वकिलांना सांगितले.

चष्मा लावून, स्वतः वाचून सही केली आहे.

साक्षीदार : डॉक्टरीणबाई (सही), शेजारचे घड्याळवाले (सही)
स्थळ : राहते घर
दिनांक : ९ फेब्रुवारी