तिसरा तलाक आणि सायलेन्सरचे दोन बोल्ट

३ फेब्रुवारी, शनिवार

झालं! आज दुपारच्या असरच्या नमाजाआधी माझा संसार दोन गंजक्या बोल्टांना टांगला गेला.

फटफटीचा सायलेन्सर काजळीनं तुंबलाय. खुर्च्या लादून पुलाचा चढ आला की खोकते आणि बसते. सायलेन्सर काढायचा, जाळून साफ करायचा, परत लावायचा — एवढंच काम. पण इंजिनाजवळ त्याला धरून ठेवणारे दोन बोल्ट हलेनात. समुद्राची खारी हवा, त्यात ही फटफटी सासऱ्यांच्या वेळची. हे सकाळपासून जिन्याखाली फतकल मारून बसलेले. व्हिनेगर ओतलं (माझं! लोणच्याचं!), डिझेल ओतलं, हातोडीनं टकटक केली. काही नाही.

तेवढ्यात वगीह भाऊजी आले. यांचे धाकटे भाऊ. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, म्हणून जगातला प्रत्येक बोल्ट आपल्या ओळखीचा असल्यासारखे वागतात. कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, मनगट गेलं तुझं. सरक बाजूला. खुर्च्यांवर गुलाब कोरणाऱ्याचं काम नव्हे हे."

हे लालबुंद झाले. पाना आपटला आणि ओरडले — असे की समोरच्या उम्म शुक्रीच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या — "माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हातानं हे बोल्ट सुटले तर माझ्या बायकोला तलाक!"

मी जिन्यावर बसून बदकात भरायचे कांदे सोलत होते. मला विचारलं कुणी? बोल्ट यांचे, मनगट यांचं, भाऊ यांचा — आणि तलाक माझा!

४ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर झोप नाही. दोनदा होऊन गेलंय.

पहिला तलाक खारवलेल्या माशापायी. "वसंताच्या सणाला तुझ्या बहिणीकडे जाऊन मासा खाल्लास तर तलाक." मी गेले नव्हते खायला. वास इतका चांगला होता की एक घास आपोआप गेला. दुसरा गच्चीवरच्या टीव्हीच्या काठीपायी. ती वाऱ्यानं हलली की मी हलवली यावर अजून वाद आहे. तेव्हाचे शेख फार कडक. दोन्ही मोजले. दोन्ही वेळा यांनी मला परत घेतलं, दोन्ही वेळा गल्लीला मशब्बक वाटावी लागली. जिलबीचा तो खर्च अजून डोळ्यांसमोर आहे.

तिसऱ्यानंतर परत घेणं नाही. मी दुसऱ्याशी लग्न करायचं, त्यानं मला सोडायचं, मग कुठे हे. या वयात, या गुडघ्यांनिशी! उम्म शुक्रीचा विधुर दीर आहे म्हणा. पण तो झोपेत शिट्टी वाजवतो असं तीच सांगते.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शेख मंसूरांकडे जाऊन आले. हे नवे शेख, मऊ बोलतात. सगळं ऐकून घेतलं. दाढीत हसले, मला दिसलं.

"त्यानं स्वतः सोडवले तर काहीच प्रश्न नाही, उम्म लबीब. शपथ तिथेच संपली."

"आणि दुसऱ्या कुणी सोडवले तर?"

"तर त्याला घेऊन या. मनात काय होतं ते विचारीन. पण आधीचे दोन मोजलेले आहेत, तेव्हा मी आज काही वचन देत नाही. कुणाला हात लावू देऊ नका." मग म्हणाले, "घरी रिफअत भाईंना सांगा, मशिदीतल्या खुर्चीचा पाय हलतोय."

माझं लग्न हलतंय, यांना खुर्चीचं पडलंय! अल्लाह माफ करो. चांगला माणूस आहे.

म्हणजे आता असं: यांचं मनगट जिंकलं तर मी बायको. गंज टिकला तर मी बायको. मधे तिसरा आला की मी कुणीच नाही. मी आजपासून गंजाच्या बाजूनं. दुआत पहिलं लबीबचं नाव घेतलं — माझा लेक, कुवेतला असतो — आणि दुसरं गंजाचं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

बोल्टांना माझी जुनी ओढणी गुंडाळली आणि गाठ मारली. उम्म शुक्री म्हणाली, "बोल्टांना पडदा?" म्हटलं, "परपुरुषांपासून."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

हे जुम्याच्या नमाजाला गेले आणि वगीह भाऊजी हजर! खांद्यावर हातभर लांब लोखंडी नळी. पान्याच्या दांड्यावर चढवायची म्हणजे जोर दुप्पट लागतो.

"वहिनी, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दादाला कळणारसुद्धा नाही."

"अल्लाहला कळेल ना!"

"अहो, मी तुमच्याच भल्यासाठी—"

"माझं भलं करायचं तर तेव्हा तोंड मिटायचं होतं. तुमचं अर्धं मिनिट, आणि माझी चौतीस वर्षं?"

तरी ते खाली वाकले. मी चप्पल काढली. मारली नाही, नुसती दाखवली. भाऊजींना लहानपणीची त्यांच्या आईची आठवण झाली असावी. नळी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "त्याच्या हातून नाही सुटायचे ते. सहा महिने बघतोय, त्याचा हात थरथरतो."

हे मलाही ठाऊक आहे. चहाच्या पेल्याची बशीवर किणकिण होते ती मी ऐकते. कोरलेल्या गुलाबांच्या पाकळ्या हल्ली जाड येतात. पण हे बाहेरच्यानं बोलावं?

मग मात्र भीती वाटली. गंज टिकला तर मी बायको — हो. पण फटफटी अशी किती दिवस उभी राहणार? खुर्च्या हातगाडीनं पाठवतोय, त्याचं भाडं वेगळं. एक दिवस हे थकणार, कुणाला तरी बोलावणार, आणि मग?

१० फेब्रुवारी, शनिवार

आजपासून मी स्वतः खाली बसते. राखण करायला. दिवेलागणीला, मगरिबच्या नमाजानंतर, हे पाना घेऊन बसतात, मी शेजारी तिपाईवर, हातात दिवा. बोल्ट त्या कोपऱ्यात असे आहेत की दिवा धरल्याशिवाय दिसत नाहीत. गुडघे बोंबलतात.

आज यांना तूप हवं होतं! बोल्टाला! म्हणे, "माझे वडील बोल्ट परत बसवताना आट्यांना म्हशीचं तूप लावायचे. मग पुढच्या वेळी बोटांनी सुटतो."

म्हटलं, "तुमच्या वडिलांकडे म्हैस होती. माझ्याकडे एक डबा आहे, तो ईदच्या बिस्किटांपर्यंत पुरवायचाय. आणि बसवायच्या गोष्टी काय करता? आधी सुटू तर द्या!"

हे म्हणाले, "कैरोवाले आपल्या गावाला चिक्कू म्हणतात ते तुझ्याकडे बघूनच."

डबा वरच्या फळीवर ठेवला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बोल्ट जसेच्या तसे. अलहम्दुलिल्लाह.

आज यांनी एक गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात याच फटफटीवर मला रास अल-बरला समुद्रावर नेलं होतं, ते मला आठवतं. पण येताना "इंजिन गरम झालंय, थोडं चालू या" म्हणून मला तीन कोस चालवलं, ते पेट्रोल संपल्यामुळे होतं हे मला आज कळलं! चौतीस वर्षं मी इंजिनाला दोष देत होते.

म्हटलं, "थापाडे!" तर हसतात. पाना हातात, हसतात.

रोज या वेळी हे कॉफीवाल्याकडे डॉमिनो खेळत असायचे. लग्नापासून. रात्रीचं जेवण मी वर झाकून ठेवायची आणि झोपायची.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

तुपाच्या डब्यात खड्डा! बोटानं उकरल्यासारखा. जिन्यातला बोका असणार, उम्म शुक्रीनं लाडावलेला. वरच्या फळीपर्यंत कसा पोचला मेला? डब्यावर पाटा ठेवलाय.

१८ फेब्रुवारी, रविवार

डॉमिनोवाले दोघं दारात येऊन उभे. "अबू लबीब, मेलास का रे?"

हे आतून, "बोल्टाशी झुंजतोय!"

"वगीहला बोलव की!"

मी दिवा घेऊन दारात उभी राहिले. दोघं गेले.

हे आता पाना लावताना असे कण्हतात की वरच्या मजल्यावर ऐकू जावं. मग दम खातात, चहा मागतात, आणि काहीतरी जुनं काढतात. आज माझ्या मॅट्रिकच्या निकालाचा दिवस काढला. मी पहिल्या वर्गात आले म्हणून माझ्या वडिलांनी शेरभर मशब्बक वाटली होती, आणि हे त्यातले दोन तुकडे खाऊन, मुलगी न बघताच हो म्हणाले होते. म्हणे, "जिथे जिलबी एवढी चांगली, तिथे पोरगी काय वाईट असणार?"

मला हे कधी सांगितलं नव्हतं. दिवा हलला तर म्हणतात, "अगं, नीट धर. का तुझाही हात थरथरतो?"

म्हणजे यांना ठाऊक आहे. आपला हात थरथरतो हे. पहिल्यांदाच बोलले. मी दिवा दुसऱ्या हातात घेतला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पाटा जागच्या जागी, तरी तूप कमी. बोका पाटा उचलतो? उम्म शुक्रीशी भांडले. तिनं बोक्याची शपथ घेतली. तलाकाची नाही, एवढंच.

२१ फेब्रुवारी, बुधवार

शेख मंसूर रस्त्यात भेटले. "सुटले का?"

"नाही, मौलाना. तुम्ही दुआ करा."

"सुटायची की न सुटायची?"

मी म्हटलं, "हळूहळू सुटायची."

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

या अल्लाह! मी केलं. मीच!

हे जुम्याला गेलेले. ओढणी भुशानं मळली होती. म्हटलं धुऊन टाकावी. गाठ घट्ट बसलेली, मी जोरात पिळली — आणि ओढणीबरोबर बोल्ट फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा. एक वेढा. मी हात काढून घेतला, जणू भाजला.

यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात. माझा! वगीहला चप्पल दाखवणारी मी, दारात दिवा घेऊन उभी राहणारी मी.

हे आले, जेवायला बसले. मी ताट दुरून सरकवलं. बोटाला बोट लागलं तरी हराम असेल काय? "काय झालं?" म्हणाले. म्हटलं, "डोकं दुखतंय." आज मी खाली बसले नाही. खालून एकटेच कण्हत होते. थोड्या वेळानं थांबले.

लबीबच्या खोलीत निजते. सकाळी सांगीन. मग शेखकडे. मग बहिणीकडे, मन्सूरा शहरात. कुठल्या पिशवीत काय भरायचं हेही ठरवलं आणि मग रडले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेची, फजरची नमाज झाली. यांना सांगण्याआधी एकदा बघून यावं म्हणून खाली गेले. जे मोडलं ते तरी पुरतं बघावं. बोल्ट फिरवला. पूर्ण बाहेर आला, बोटांनीच. दुसराही. आट्यांवर गंजाचा कण नाही. पुसून, चकचकीत. आणि प्रत्येक आट्यात गोठलेलं पिवळं तूप. वास घेतला. माझंच.

यांनीच सोडवले होते. केव्हाच. त्या थरथरत्या हातांनी. म्हणजे शपथ तेव्हाच संपली. सोडवून, तूप लावून, परत बसवून — आणि मग रोज संध्याकाळी माझ्या दिव्याच्या उजेडात कण्हत बसले.

मी दोन्ही बोल्ट होते तसे बसवले. ओढणी धुतली, वाळवली, पुन्हा गुंडाळली. मगरिबनंतर चहाचे दोन पेले घेऊन तिपाईवर बसले. हे माझ्याकडे बघत होते.

"सुटला का?" मी विचारलं.

"छे! फार हट्टी आहे," म्हणाले, आणि पाना उचलला.

वर आल्यावर तुपाच्या डब्यावरचा पाटा काढला. डबा वरच्या फळीवरून खाली, त्यांच्या हाताला येईल असा ठेवला.