संपाविरुद्धची सही

प्रिय दिगंबर,

परवा फोनवर तू विचारलंस, "दादा, तुमच्याकडे निवडणुकीचं वारं कसं आहे?" मी थंडीचं सांगून वेळ मारून नेली. आता खरं सांगतो.

ज्या हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं काढली, तिथल्या नर्सेस महिन्याहून जास्त दिवस संपावर आहेत. आपली आश्लेषाही. एका नर्सकडे चार पेशंट असायचे, ते सात केले. परत चार करा, एवढीच मागणी. राष्ट्राध्यक्षपदाचा एक उमेदवार न्यू हॅम्पशायरला प्रचाराला निघाला होता, तो वाटेत त्यांच्या गेटवर उतरला. अंगात कामगाराचं कोरं जाकीट, बाह्यांवर घडीची रेघ तशीच. नर्सेसच्या संपाला हा गृहस्थ वेल्डर होऊन आला. आश्लेषाच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं फोटो काढला, तिला 'अ‍ॅशली' म्हणाला, कामगारांवर दोन वाक्यं टाकली आणि अकरा मिनिटांत गाडीत बसला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचा शहाणा उमेदवार टीव्हीवर सांगत होता की महागाई युनियनवाल्यांमुळेच वाढते. त्याच्यामागे हेल्मेट घातलेली माणसं ओळीनं उभी केली होती आणि ती टाळ्या वाजवत होती. या दोघांतून एक निवडायचा, आणि त्याला म्हणायचं लोकशाही.

आमची मंडळी याहून थोर. त्या शनिवारी तुझी वहिनी नीला आणि मी राजेश-सीमाकडे जेवायला गेलो होतो. राजेश माझा जुना सहकारी, भूलतज्ज्ञ. हातात बटाटेवडा धरून म्हणाला, "इकॉनॉमी मस्त चाललीय यार, मार्केट बघ. या नर्सेसना प्रॉब्लेम काय आहे?" या माणसानं कधी एखाद्या पेशंटला कुशीवर वळवल्याचं मला आठवत नाही. सीमा नीलाला म्हणाली, "आश्लेषाला मेडिकललाच घालायला हवं होतं." नीला उठून पाणी आणायला गेली. मान डोलावली ती मी.

जेवणानंतर राजेशनं एक कागद पुढे केला. निवृत्त डॉक्टरांच्या नावानं व्यवस्थापनानं लिहिलेलं पत्र: हा संप म्हणजे पेशंटशी बेइमानी. न वाचता सही केली म्हणालो तर ते खोटं ठरेल. दोनदा वाचलं. चार जुन्या डॉक्टरांत आपला मान राहावा, एवढ्यासाठी सही ठोकली.

गुरुवारी ते पेपरात आलं. आश्लेषा घरी आली आणि पेपर माझ्यापुढे ठेवला. आवाज चढवला नाही. "यू साइन्ड इट, बाबा." मग मराठीत म्हणाली, "संपाच्या आधी माझा एक पेशंट बाथरूममध्ये पडला. तो बेल वाजवत होता आणि मी दुसऱ्या खोलीत होते." एवढं बोलून गेली. नीला दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी संपादकांना फोन करून नाव मागे घेतलं. आतल्या पानावर दोन ओळी छापून आल्या. राजेशनं म्हातारचळ लागला का, असा मेसेज केला. मी गेटवर गेलो. उणे आठ तापमान होतं. आश्लेषानं शेजारच्या बाईला 'माय डॅड' एवढंच सांगितलं आणि जरा सरकून मला जागा दिली. आता रोज जातो. संप मिटलेला नाही.

काल तिथंच तिनं विचारलं, "काकाही स्ट्राइकवर होते ना? मग मध्येच कामावर का गेले?"

'नंतर सांगतो' म्हणालो, कारण ते उत्तर आधी तुला द्यायला हवं. पिंपरीचा तुमचा संप चालू असताना अण्णांनी अंथरुणावरून तुला बापाची शपथ घातली आणि तू कामावर गेलास. सोबत्यांनी तुला तोडलं. तू अण्णांना तोडलंस, ते जाईपर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीस. दिगंबर, अण्णांना तुझा अभिमान होता. पत्रातून मला तुझ्या सभांबद्दल कौतुकानं लिहायचे. मीच इथून उलट लिहिलं, की त्याला शपथ घालून परत पाठवा, नाहीतर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरला संपवाला भाऊ शोभत नव्हता. चाळीसहून जास्त वर्षं तू त्यांना दोष देत राहिलास आणि मी ऐकून घेतलं. हे वाचून तू पुन्हा कधी फोन केला नाहीस, तरी आश्लेषाला मी खरं तेच सांगणार आहे.

तुझाच,
गुरुदत्तदादा