आठव्या ड्रमावरची फुली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा वेल्डिंग व पत्र्याचे काम, नवरा हयात नाही, अपत्य हयात नाही, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितले, पण ते खरे आहे. मधली बरीच वर्षे ते ठिकाणावर नव्हते. मनोरुग्णालयाच्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यात माझ्या आजाराचे नाव लांबलचक आहे. गल्लीने मला त्याहून सुटसुटीत नाव दिले आहे, हातोडीबाई, आणि ते मी स्वतःच्या हातांनी कमावले आहे. मी हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव टाकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एकच गोष्ट ठासून लिहिली होती, की माझ्या धाकट्या दिराला माझ्या प्रेताजवळ फिरकू देऊ नये, आलाच तर बुटाने हाकलावा. तो कागद मी फाडला आहे. का फाडला ते कलम चारमध्ये येईल. वकील म्हणाले, मृत्युपत्रात एवढे लिहायची गरज नसते. मी म्हटले, तुम्हाला नसेल.

कलम एक. राहते घर. कारखान्याच्या मागच्या अंगाला वर असलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या धाकट्या बहिणीला, आहे त्या अवस्थेत. अवस्था नोंदवून ठेवते. न्हाणीघराच्या दाराला कमरेएवढ्या उंचीवर भोक आहे, ती माझी लाथ. कपाटाला आरसा होता, आता नुसती चौकट आहे. जेवणाच्या टेबलाला तीन पाय आहेत. चौथा उपटून मी खिडकीतून भिरकावला होता आणि तो कोणाच्या डोक्यात बसला नाही हे माझे नशीब. पलंगाच्या वर भिंतीत जो खोलगट खड्डा आहे तो माझ्या कपाळाचा. पहिल्या वर्षी मी रोज तिथे डोके आपटत असे, भिंत फुटेल किंवा डोके, अशा हिशेबाने. भिंत जुनी होती म्हणून ती आधी फुटली. बहिणीने तिथे गिलावा करून घ्यावा.

बहीण माझ्याकडे आली ती पंधरा दिवसांसाठी, आणि राहिली दहा वर्षे. तिला मी दोनदा मारले. एकदा हाताने, एकदा पितळी तांब्याने. तांब्याची खूण तिच्या भुवईवर आहे. रक्त पदराने दाबून धरत ती म्हणाली होती, "ताई, मारायचं तर मार. पण आधी गोळी घे. मग दोघी मिळून मोडू काय मोडायचंय ते." मी गोळी घेतली, आणि आम्ही दोघींनी मिळून खरोखर एक जुनी खुर्ची मोडली. त्या रात्री मला झोप लागली. तिला घर देते म्हणजे काही उपकार करत नाही.

कलम दोन. खारूच्या वस्तू. खारू म्हणजे माझी मुलगी. हे नाव तिच्या काकांनी, म्हणजे माझ्या याच धाकट्या दिरांनी ठेवले, कारण लहानपणी ती कारखान्यात पडलेले नट-बोल्ट वेचून फ्रॉकच्या खिशात साठवायची, खारीसारखी. मोठेपणी तिचा गॅसकटरवर असा हात बसला की पत्र्यावर रेघ आखायची गरज पडत नसे. गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचे हातमोजे आणि काळा चष्मा माझ्याबरोबर जाळावा. नट-बोल्टचा पत्र्याचा डबा जाळू नये. अकरा वर्षे मी त्याला कोणाला हात लावू दिलेला नाही. तो तिच्या काकांना द्यावा.

कलम तीन. समोरचा शिंपी. खारूला नेले त्याच दिवशी हा माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मुलीच्या जातीला असल्या धंद्यात घालायचंच कशाला?" मी त्याच्या दुकानाची काच फोडली, शिलाई मशीन उचलून रस्त्यावर आपटले, आणि तो पळाला म्हणून वाचला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मशीनबद्दल थोडे वाटते, ते बिचारे काही बोलले नव्हते. शिंप्याला माझ्याकडून काही मिळणार नाही. मात्र कलम चार त्याच्या दुकानासमोर उभे राहून मोठ्याने वाचावे, आणि तो शटर ओढू लागला तर धरावे.

कलम चार. कारखाना. हा देण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्याकडे जुने ड्रम यायचे, थिनरचे, रंगाचे, तेलाचे. ते उभे कापून आम्ही टाक्या आणि घमेली करायचो. रिकाम्या ड्रमात वास उरतो आणि तो वास बंदुकीच्या दारूसारखा असतो. म्हणून कापायच्या आधी ड्रम सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवायचा. धुणाऱ्यानेच त्याच्या झाकणावर खडूने फुली मारायची. फुली असेल तर कापा, नसेल तर शिवू नका. हा नियम माझ्या नवऱ्याने घालून दिला होता आणि तो गेल्यावरही आम्ही पाळला. धुण्याचे काम भाऊजींचे, म्हणजे माझ्या दिराचे. खडू त्यांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेला असे.

खारू गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आठ ड्रम होते. सात धुऊन झाले आणि नळाचे पाणी गेले. भाऊजी जाताना म्हणाले, "वहिनी, कोपऱ्यातला एक राहिलाय. सकाळी येऊन धुतो." मी हो म्हटले. हो म्हटल्याचे मला चांगले आठवते.

सकाळी भाऊजी यायच्या आत खारूने तोच ड्रम कापायला घेतला. झाकण छपराचा पत्रा फाडून वर गेले. त्या भोकातून ऊन आत आले आणि त्या उन्हात माझी मुलगी पडली होती. मी तिला बुटांवरून ओळखले. त्याहून जास्त मी लिहिणार नाही.

भाऊजी धावत आत आले. पहिले वाक्य बोलले, "त्या ड्रमावर मी फुली मारली नव्हती, वहिनी." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केले. "खोटं बोलतोस, मेल्या!" म्हणून दोन किलोची हातोडी उचलली आणि डोक्यावर नेम धरून घातली. त्यांनी उजवा हात आडवा घातला म्हणून मी खुनी झाले नाही. कोपराचा चुरा झाला. मी दुसऱ्यांदा उचलली तेव्हा आमच्या कारखान्यातल्या ग्राइंडरवाल्याने मला मागून कवेत आवळून धरले. पोलिसांना भाऊजींनी सांगितले की शिडीवरून पडलो. तो हात पुन्हा कधी वर झाला नाही.

पुढे दहा वर्षे मी त्या माणसाच्या हात धुऊन मागे लागले. त्यांच्या दारावर लाल रंगाने खुनी असे लिहिले, त्यांनी पुसले की पुन्हा लिहिले. खिडक्या फोडल्या. भर बाजारात त्यांच्या बायकोच्या अंगावर थुंकले. ते घर बदलून तीन गल्ल्या पलीकडे गेले, वजनकाट्यावर कामाला लागले, तर तिथे जाऊन काटा उलथला. दुःखाने माणूस रडतो म्हणतात. मला एक थेंब आला नाही. मी फक्त मोडतोड केली. झोप गेली, भूक गेली, जिन्यात खारूच्या बुटांचा आवाज येऊ लागला, आणि तो आवाज बंद व्हावा म्हणून मी समोर येईल ते फोडत सुटले. शेवटी बहिणीने आणि ग्राइंडरवाल्याने मला दोरीने बांधून रुग्णालयात नेले. दोघांना मी चावले. दोघांची क्षमा मागते.

तिथले डॉक्टर तरुण आणि चिवट होते. दर गुरुवारी ती सकाळ पहिल्यापासून सांगायला लावत. मी पाढे म्हणावेत तशी सांगायची, उठले, कुलूप काढले, केर काढला, ड्रम सरकवून रांगेत लावले, हात धुतले, चहा ठेवला, स्फोट झाला. कितीतरी गुरुवार असेच गेले. मग एकदा त्यांनी विचारले, "हात का धुतले?"

"भरले होते."

"कशानं भरले होते?"

मी खुर्ची उचलून त्यांच्यावर फेकली. ती खांद्याला लागली. दोन नर्सनी मला जमिनीवर दाबून धरले. माझे दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर होते. त्या पंजांकडे बघत मी बोलले, "खडूनं."

ओल्या ड्रमावर खडू नीट उमटत नाही. सुकल्यावर फुली पुसट दिसते, आणि पुसट फुली मला खपत नसे, म्हणून सकाळी केर काढल्यावर मी माझ्याकडच्या खडूने सगळ्या फुल्या पुन्हा ठळक करायची. वर्षानुवर्षांची सवय. त्या सकाळी केर काढताना मी कोपऱ्यातला ड्रम बाकीच्यांच्या रांगेत सरकवला आणि एका दमात आठही झाकणांवर खडूचा हात फिरवला. आठव्यावर पुसट फुलीसुद्धा नव्हती, ठळक करायला काही नव्हते. हाताने पाहिले नाही. मग मी हात धुतले, चहा ठेवला, आणि खारूला हाक मारली की बाई, ड्रम तयार आहेत.

डॉक्टर म्हणतात, एवढा घाव मनाला सोसत नाही, मग मन ते दार लावून घेते, त्यात तुमचा दोष नाही. डॉक्टर भले आहेत. पण दार लावले तर लावले, त्या दाराबाहेर एका निरपराध माणसाला दहा वर्षे बडवत उभे राहायला मला कोणी सांगितले नव्हते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी मारल्या.

तरी मी ऐकून घेणाऱ्याला हे मोठ्याने सांगते. माझ्या मुलीचा जीव माझ्या फुलीने गेला. भाऊजींचा त्यात काडीचा दोष नव्हता. मी शिव्या दिल्या होत्या तेवढ्याच मोठ्या आवाजात हे वाचावे.

कारखाना, यंत्रांसह आणि जागेसह, मी भाऊजींना देते. ते नाही म्हणाले तर ग्राइंडरवाल्याला. हातोडी कोणालाच देऊ नये. ग्राइंडरवाल्याने कटरने तिचे दोन तुकडे करून भंगारात घालावेत.

कलम पाच. माझ्यामागे माझ्याबद्दल कोणी गोड बोलू नये. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आता गेली असे म्हणावे आणि घरी जावे.

पुरवणी, सही करायच्या वेळी लिहिलेली. मी बहिणीला पाठवून भाऊजींना बोलावले होते. येतील असे वाटले नव्हते. ते आले, दारात चपला काढल्या, आणि छपराच्या त्या भोकावर मारलेल्या ठिगळाकडे बराच वेळ बघत राहिले. वकिलांनी सगळा कागद वाचून दाखवला. माझी मान वर होईना.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. झाकण मलाच सापडलं. तुमची फुली मोठी असते, माझी बारकी. मी ते झाकण पोलिसांच्या आधी नदीत टाकलं."

"मग बोलला का नाहीत? मी तुमचं सगळं आयुष्य फोडलं, भाऊजी."

"बोललो असतो तर तुम्ही तीच हातोडी स्वतःच्या डोक्यात घातली असती. मी ओळखतो तुम्हाला. म्हटलं, घालू देत माझ्या दाराला. दार काय, नवं करता येतं." मग म्हणाले, "खारूपाठोपाठ तुम्हीपण गेला असता. मला ते नको होतं."

अकरा वर्षांचे रडू मला तिथे आले. वकिलांनी कागद भिजू नये म्हणून बाजूला ओढला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मी तशातही त्यांच्यावर ओरडले की आता कारखाना तरी मुकाट्याने घ्या. ते म्हणाले, "मला साक्षीदार करा." वकिलांनी समजावले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केलीत तर कलम चार तुमच्यापुरते गेले, आणि डबासुद्धा गेला. भाऊजी म्हणाले, "म्हणूनच करतोय. कारखाना ग्राइंडरवाल्याला जाऊ दे. डबा मात्र आत्ताच द्या, वहिनी, तुमच्या हातानं. मेल्यावर नको."

मी उठून डबा आणला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला, ती हलवायची तसा. मग मांडीवर ठेवला आणि पेन मागितले.

लिहून देणार: गल्लीत जिला हातोडीबाई म्हणतात ती. स्वदस्तुर.

साक्षीदार एक: रुग्णालयाचे डॉक्टर. सही. खांदा आता बरा आहे असे ते म्हणतात.

साक्षीदार दोन: माझे धाकटे दीर. उजव्या हाताने लिहिता येत नाही. "डाव्यानं मला एवढंच जमतं," म्हणून त्यांनी सहीच्या जागी एक फुली मारली आहे. बारकी. ती पुसट उमटली आहे, पण मी तिच्यावर पुन्हा हात फिरवलेला नाही.

ठिकाण: कारखान्याची पुढची खोली. दिनांक: खारूला जाऊन अकरा वर्षे पुरी झाल्यानंतरचा पहिला मंगळवार, सकाळी.