फिल्टरच्या कडेवरची अक्षरं

कर्नी, नेब्रास्का
९ सप्टेंबर

चि. ऑरिन यास व्हर्नाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. माझं डोकं पार चक्रावलंय. काल गाडीचं ऑइल बदलायला शोरूमच्या सर्व्हिस सेंटरात गेले, तर इस्त्रीच्या शर्टातला माणूस ही लांबलचक यादी घेऊन आला. वर एक काळाकुट्ट एअर फिल्टर दाखवून म्हणाला, हा तुमचा, चार वर्षांत बदललेलाच नाही.

मी म्हटलं, मे महिन्यात माझ्या भावानं बदललाय. तो इतकं गोड हसला, की माझीच मला शंका आली. काहीच करू नका, असं मीच त्याला सांगितलं आणि गाडी होती तशी परत आणली.

आमचे चिरंजीव डेल सोबत होते. त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या. म्हणाला, आई, हल्ली तू विसरतेस, आता गाडी बंद. इथे गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही रे. पण भीती वाटते ती वेगळीच. तू खरंच माझा फिल्टर बदललास ना? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

जपून राहा.
व्हर्नाताई

डुलूथ
१५ सप्टेंबर

ती. व्हर्नाताईस शि. सा. न.

पत्र वाचून मीही गोंधळलो. तुझं अंगण आठवतं, तुझी सूचनांची सरबत्ती आठवते. पण त्याच दिवशी तुझ्या शेजारणीच्या गाडीचाही फिल्टर बदलला होता, त्यामुळे शपथ घ्यायला जीभ अडखळते. सत्तरी उलटल्यावर साक्षीदार असाच मिळायचा.

मात्र ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करताना लागलेली एक खोड सुटलेली नाही. फिल्टर बसवताना त्याच्या कडेवर मी महिना लिहितो, आणि त्या दिवशी काय खाल्लं तेही. महिना कुणीही लिहील, खाल्लेलं ज्याचं त्यालाच ठाऊक. बॉनेट उघड, डावीकडच्या काळ्या डब्याच्या दोन क्लिपा काढ आणि बघ. काही लिहिलेलं नसलं, तरी कळव.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
ऑरिन

कर्नी
२१ सप्टेंबर

चि. ऑरिनला आशीर्वाद, आणि कानही धरलाय असं समज.

डबा उघडला. फिल्टर चांगला पांढरा, जरासा मक्याचा भुसा तेवढा. म्हणजे त्या गोडबोल्यानं भलत्याच गाडीचा फिल्टर माझ्या नाकासमोर नाचवला! माझं डोकं ठिकाणावर आहे, ऑरिन. तिथेच गॅरेजात बसून रडले. मग चष्मा पुसून तुझं अक्षर वाचलं: मे. ताईचा रूबार्बचा केक. साखर विसरली. आंबटढाण.

आता काय करावं? विसरभोळी नसल्याचा एकच पुरावा, आणि त्यावर हे! अर्धा तास फिल्टर ॲप्रनखाली लपवून बसले. शेवटी म्हटलं, होऊ दे व्हायचं ते, आणि डेलच्या हातात दिला.

त्यानं दोनदा वाचलं आणि लालबुंद झाला. त्या दिवशी त्यानंही दोन तुकडे खाल्ले होते म्हणे, आणि तू टेबलाखालून लाथ मारलीस म्हणून गप्प बसला. किल्ल्या त्यानं आपणहून माझ्यापुढे ठेवल्या. उद्या त्या शर्टवाल्याकडे मी स्वतः गाडी चालवत जाणार आहे.

रूबार्बच्या त्या आंबट देठांत साखर विसरले मी खरी. पण लपवलंत तुम्ही दोघांनी. यापुढे केक बिघडला तर तोंडावर सांगत जा. गोड हसून मला फसवायला तो शर्टवाला एकटा पुरे.

लोभ आहे तसाच आहे, साखर दुप्पट घालीन.
व्हर्नाताई