कार्डावरचं वय

पनवेल, ४ ऑगस्ट २०२५

चि. रिया, तुला दमयंती आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाय. माझी आई, म्हणजे तुझी आजी, शेजारीच बसून ऐकते. म्हणून लिहिते. चौथीचं अक्षर हाय, लावून वाच.

परवा तू फोनवर नाचत होतीस. करंजा गावच्या चाळीस म्हाताऱ्यांचं रक्त बेंगळुरूला नेलंस, त्यात आजी सगळ्यात भारी निघाली. आधार कार्डावर वय ब्याण्णव, तुमची मशीन रक्तावरून सांगते ऐंशी. तुझे सर खूश. वीस तारखेला मोठ्या लोकांपुढे तू आजीचंच सांगणार. मी मासळी कापायची थांबले. अगं, ती ऐंशीचीच हाय.

आईच्या बारा वर्षं आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती. सखू. चार वर्षांची होऊन तापानं गेली. मग आई जन्मली तर तिलाच सखू नाव दिलं. आपल्यात देतात. आईचा जन्म मात्र कुणी लिहिला नाय. आधार कार्डाच्या वेळी मी गावच्या वहीत बघायला गेले. नाव सखू, बाप तोच. तारीख थोरलीची. मला तेव्हाच कळलं होतं. पण बाजाराची वेळ चुकत होती, परत फेऱ्या कोण मारणार, म्हणून तीच दिली.

आता मला कळत नाय. मशीन खरं बोलली. मग तुझं काम चांगलं झालं का वाईट?

रागाव, पण उत्तर लिही.

तुझी दमयंती आत्या


बेंगळुरू, १० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास, रियाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्येच वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. वाईट झालं, आत्या. माणसाचं वय किती आणि त्याचं शरीर किती म्हातारं झालंय, यातला फरक हाच माझ्या पीएच.डी.चा विषय. आजीत तो बारा वर्षांचा होता, म्हणून माझं अख्खं प्रकरण तिच्यावर उभं होतं. आता आजी ऐंशीच्या कुठल्याही बाईसारखी ऐंशीची आहे.

सरांना लगेच सांगितलं. ते म्हणाले की आजीनं स्वतः खरं वय लिहून दिलं तर तिचं रक्त निदान फरक नसलेल्यांच्या साध्या यादीत राहील, आणि वीस तारखेला त्या यादीवर बोलता येईल. नाहीतर ते काढून टाकायचं, आणि वीस तारीख विसरायची. सोबत फॉर्म आहे. कार्डावरची तारीख माझी नाही, माझं वय ऐंशी, एवढंच त्यात लिहिलंय. त्यावर तिचा अंगठा घेऊन लगेच पाठव. बाकीच्या एकोणचाळीस जणींना त्यांचं खरं वय मीच येऊन विचारीन.

तुझ्यावर रागावले होते. आता नाही. तुझी माया आहे तेवढी असू दे.

तुझी रिया


पनवेल, १६ ऑगस्ट २०२५

चि. रियाला आत्याचे आशीर्वाद, आणि थोडी माफीबी.

फॉर्म आईला वाचून दाखवला. शाई पुढं केली. तिनं हात पदराखाली घेतला. मी ओरडले, पोरीचं शिक्षण अडलंय, तुला काय फरक पडतो. तेव्हा ती बोलली, "थोरलीचं नाव मी घेतलं. माझी आई तिला मारायची ती हाक मला मारायची. तिचा फोटो नाय, काय नाय. एक जन्मतारीख उरली, ती माझ्या कार्डावर हाय. ती माझी नाय म्हटलं तर ती पोर राहील कुठं?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं, आणि मला वाटत होतं मीच फसवलं. परत समजावलं, कार्ड बदलत नाय, हा नुसता तुमच्या लॅबचा कागद. ती "नाय"च बोलली.

ती झोपल्यावर माझा अंगठा शाईत बुडवला. कोण बघणार होतं? पण तुमची मशीन रक्तातून वय काढते, आणि मी परत घाईत खोटं देणार. धुऊन टाकला.

फॉर्म कोरा पाठवते. तुझी वीस तारीख मी घालवली. मशीन खरी, तू खरी, आईबी खरीच वाटते. मग कोणाच्या बाजूनं बोलू, ते मला कळत नाय.

आजीचं रक्त काढून टाकशील तेव्हा जपून टाक.

तुझीच,
दमयंती आत्या