धुतलेली पडवी

३ मार्च
घेतली! अख्खी पडवी विकत घेतली — खांब, तुळया, वासे, एकूण एक्केचाळीस नग. जुन्या लाकडाच्या वखारीतून. विमानतळात गेलेल्या गावातल्या कुणाच्या तरी घराची. सागवान! एवढं लाकूड पडून असताना नवं झाड कशाला तोडायचं?

दमयंती नाशकात, रुचिराच्या बाळंतपणाला. जाताना म्हणाली, "पाडव्याला येते. तोवर मला पाय पसरून बसायला जागा झाली तर राहू. नाहीतर बिल्डरच्या कागदावर सही — आणि तेव्हा तोंड पाडून बसायचं नाही." अठ्ठावीस वर्षं या दोन कौलारू खोल्यांत काढली. मी सही करणार नाही. म्हणजे करीन, ती म्हणाली तर. म्हणून तर घाई आहे.

४ मार्च
सुतार अनंता बघून गेला. मोडताना वखारीच्या माणसांनी प्रत्येक नगावर कोळशाने नंबर टाकलेत. "नंबर बघून जोडायचं, काका. दोन दिवसांचं काम." गुरुवारी येतो.

५ मार्च
लाकूड फारच मळकं होतं. दिवसभर घासलं. ब्रश, सोडा, बादल्यांवर बादल्या पाणी. कसलं चकाकतंय! दमयंती मला आळशी म्हणते. बघायला हवी होती.

६ मार्च
अनंता आला. लाकडांकडे बघत राहिला.
"काका, नंबर?"
मी न्हावा शेव्याला एकतीस वर्षं कंटेनरचे नंबर तपासले. एकही चुकला नाही. आणि घरी येऊन एक्केचाळीस पुसले — सोड्याने!

७ मार्च
वखारवाल्याने मान वर न करता सांगितलं, "काशिरामच्या घरची असंल. त्याला इचारा."

८ मार्च
पुनर्वसनाच्या प्लॉटवर जाऊन आलो. दोन घरं, पाठीला पाठ लावून. एक काशिरामचं, एक धाकट्या भरतचं. नव्या घराचं तोंड कुणीकडे यावरून भावाभावांत वाजलं. आठ वर्षं बोलणं नाही! आई ठमाबाई ऐंशीच्या पुढची. एक महिना या घरात, एक महिना त्या.

म्हटलं, तुमची पडवी आहे, जरा जोडून द्याल? काशिराम म्हणाला, "डोल्यांना पट्टी बांधून जोडीन." लगेच मागच्या घरातून आवाज आला, "त्याला काय ठावं? मी येतंय!"

१० मार्च
आले. वेगवेगळ्या रिक्षांतून.

ठमाबाईंनी एकेका खांबावरून हात फिरवला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "लावा."

"भाऊ, त्याला सांगा, यो खांब दाराकडचा हाय."
"भाऊ, त्याला सांगा, दार कुठं व्हतं ते तरी आठवतंय का?"
दोघांत अंतर दोन हात. मधे मी. संध्याकाळपर्यंत घसा बसला.

१४ मार्च
मधला खांब पाचव्यांदा काढला. एका तुळईला खाच आहे. काशिरामचं म्हणणं, तिच्यावर आपटून त्याचा दात पडला. तोंड उघडून जागा दाखवली. भरतने स्वतःचं तोंड उघडलं. त्याचाही एक नाही! मी कुठली जागा खरी मानू? अनंता म्हणाला, "कोण जिंकतं ते फोन करून कळवा." आणि गेला.

सोळा दिवस उरले. एकही खांब उभा नाही. घर हातचं जाणार, हे आज पहिल्यांदा खरं वाटलं. जेवण गेलं नाही.

१९ मार्च
आज दोघं एकमेकांना थेट शिव्या देत होते! माझी गरजच पडली नाही. चार खांब उभे.

ठमाबाई दुपारी माझ्या अंगणात सुकट वाळत घालतात आणि खांबाला टेकून झोपतात. शेजारणीने विचारलं, "पाहुणे का?" काय सांगू?

२४ मार्च
मोठं भांडण. काशिराम चप्पल घालून निघाला. ठमाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "जेवून जा." डबा एकच होता. दोघं एका ताटात जेवले — सुके बोंबील, भाकरी. भरतने काटे काढून बाजूला ठेवले आणि काशिरामने ते परत त्याच्याच बाजूला ढकलले. मी आत जाऊन उगाच भांडी लावली. डोळे भरून आले होते, कशासाठी देव जाणे.

२७ मार्च
उभी! जरा उजवीकडे झुकते. सात नग उरले. "ते आतून लागायचे, तुमाला नाय कलायचं," असं दोघंही म्हणाले. एकमत!

३० मार्च, पाडवा
दमयंती आली. पडवीत शेजारीपाजारी धरून सहा माणसं, मधोमध आडव्या ठमाबाई, आणि गुढी कुठल्या बाजूला यावर दोघे भाऊ हातघाईवर.

"पाय पसरायला जागा कुठाय यात?" दमयंतीने मला विचारलं. ठमाबाई सरकल्या, बाजूची जमीन हाताने थोपटली. ही बसली. तीन तास उठली नाही!

रात्री म्हणाली, "बिल्डरला नाही म्हणून कळवा. त्या बाईंचं घर एकदा पाडून झालंय. त्यांची पडवी परत पाडायची? मला नाही जमायचं ते."

३१ मार्च
सकाळी ठमाबाई पडवीत एकट्या होत्या. मला खुणेने जवळ बोलावलं.

"भाऊ, ही पडवी आमची नाय. आमची सरपनात गेली. मी उभी राहून बगली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"पोरं आठ वर्सांनी भांडत व्हती रं. कुनाला बोलू नको."

आतून दमयंतीने विचारलं, "काय म्हणतायत मावशी?"

म्हटलं, चहा मागतायत.